पिंपरी कॅम्प आणि बाकीचे कॅम्प

महाराष्ट्रात सिंधी लोक कुठे राहतात असे विचारले की बहुतेकांच्या तोंडून पहिले नाव उल्हासनगरचे निघते. विचारलेला माणूस पुणेकर असेल तर तो पिंपरी म्हणतो, कोल्हापूरकर गांधीनगर म्हणतो, नागपूरकर जरीपटका आणि अमरावतीचा रामपुरी कॅम्प. मुंबईत चेंबूर आणि मुलुंड. जळगावात तर सिंधी कॉलनी याच नावाची वस्ती आहे. ही नावे शेजारी शेजारी मांडून पाहावीत. यांतली एकही वस्ती त्या त्या गावाच्या जुन्या पेठेत नाही. साऱ्या वेशीबाहेरच्या, आणि बऱ्याचशा रेल्वेपासून पायी जाता येईल अशा.

व्यापारी समाज साधारणपणे बाजार बघून वस्ती करतो. गुजराती आले ते पेठेत आले, मारवाडी आले ते धान्याच्या आणि सावकारीच्या गल्लीत आले. सिंध्यांचे उलटे झाले. त्यांना आधी जागा दाखवली गेली आणि बाजार त्यांनी तिथे मागाहून उभा केला. जागा कोणती? तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभ्या केलेल्या आणि युद्ध संपल्यावर ओस पडलेल्या छावण्या, किंवा सरकारच्या हाताशी असलेली मोकळी जमीन. राज्यातला सिंध्यांचा नकाशा बराकींनी काढलेला आहे, हे मनात धरून मी पिंपरीपासून सुरुवात केली.

पिंपरीला मेट्रोने जाता येते आणि गाडी थंडगार असते. तरीही मी शिवाजीनगरहून लोणावळ्याची लोकल धरली. खडकी, दापोडी, कासारवाडी आणि मग पिंपरी. मेट्रो हमरस्त्यावर सोडते, लोकल कॅम्पाच्या दारात. रुळांच्या पूर्वेला मुंबई-पुणे महामार्ग, महापालिका, कारखाने. पश्चिमेला कॅम्प, त्यापलीकडे जुने पिंपरी वाघेरे गाव आणि पवना नदी. पुलावरून उतरून शगुन चौकात आलो, की आपण कुठे आहोत हे पाट्याच सांगतात. कापड, साड्या, भांडी, इलेक्ट्रिकचा माल, मोबाइलची कव्हरे, पुन्हा कापड. दिवाळीच्या आधी या चौकात पाय ठेवायला जागा नसते. चाकण-तळेगावपासून लोक लग्नाचा बस्ता बांधायला इथे येतात.

बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत शिरल्यावर कॅम्पाची मूळ आखणी दिसायला लागते. रस्ते काटकोनात छेदणारे, घरांच्या रांगा सरळ, आणि इमारती अरुंद पण खोल. एका खोलीच्या रुंदीवर तीन मजले चढवलेले. गावठाणात अशी शिस्त कधी नसते. तिथे बोळ वळतो, वाडा पुढे येतो, पार आडवा येतो. इथे बराकीतल्या खोल्यांचे जे वाटप झाले त्याच्याच रुंदीवर पुढच्या पिढीने वर वर बांधत नेले. तळमजल्याला दुकान, वर माळा, त्यावर बिऱ्हाड. जिना इतका अरुंद की वरून कोणी येत असेल तर खाली थांबायचे.

कापडाच्या एका दुकानात टेकलो. गल्ल्यावरचे काका सत्तरीच्या पुढचे, पांढरा सफारी, हातात मोजपट्टी नाही पण बोटांना मोजायची सवय. मी पुण्याचा आहे कळल्यावर म्हणाले, "मग बसा की दादा, पुण्याची माणसं घाईत असतात." त्यांचे मराठी पक्के पिंपरीचे होते. घरात सिंधी, गिऱ्हाइकाशी मराठी, होलसेलवाल्याशी हिंदी आणि नातवाशी निम्मे इंग्रजी असा त्यांचा दिवस जातो. जन्म बराकीतला. वडील सिंधमधल्या शिकारपूरचे, तिथे हुंडीचा व्यवहार. इथे आल्यावर त्यांनी लोकलमध्ये पेपरमिंटच्या गोळ्या विकल्या.

"बराकीत भिंती नव्हत्या काका?"

"गोणपाट. इकडे आमचं घर, गोणपाटाच्या पलीकडे दुसऱ्यांचं. शेजारच्या घरात आज काय शिजतंय, कोण रुसलंय, सगळं कळायचं. लपवायला काही नव्हतंच म्हणा."

पाणी विचारले तर पाण्याबरोबर भाजलेला पापड आला. सिंधी घरात पाहुण्याला नुसते पाणी देत नाहीत. पापड मिऱ्याचा आणि चांगला जाड, आपल्या उडदाच्या पापडापेक्षा जहाल. काकांनी मला पापड घ्यायचे दुकानही सांगितले, अर्थात आपल्या भाचेजावयाचेच.

शिकारपूरचा माणूस पिंपरीत कसा आला, याला इतिहास आहे. फाळणीत पंजाब आणि बंगाल यांचे दोन दोन तुकडे झाले. सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे पंजाबी निर्वासिताला निदान पूर्व पंजाब होता, सिंधी हिंदूला भारतात आपली भाषा बोलणारा जिल्हासुद्धा उरला नाही. सुरुवातीला बरेच लोक तिथेच थांबले होते. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि लोंढा सुरू झाला. काही कुटुंबे रेल्वेने राजस्थानात उतरली, बाकीची कराची बंदरातून जहाजाने काठियावाडात आणि मुंबईला. मुंबई आधीच तुडुंब. तेव्हाच्या मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर सरकारच्या प्रमुखपदी आणि मोरारजी देसाई गृहखात्यावर होते. आलेल्यांना शहरात ठेवायचे नाही, बाहेर पांगवायचे, असे सरकारचे धोरण होते. कल्याण, मुलुंड, देवळाली, कोल्हापूरजवळचे वळिवडे, पुण्याजवळची पिंपरी ही पांगवण्याची ठिकाणे. गोदीतून उतरलेल्या माणसाला कोणत्या गाडीत बसवले यावर त्याची पुढची चार पिढ्यांची गावे ठरली.

खरे तर सिंध आणि महाराष्ट्र यांचे नाते याच्या शंभर वर्षे आधीचे. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. वेगळा झाला तो थेट १९३६ मध्ये. या काळात मराठी कारकून, शिक्षक, ओव्हरसियर कराचीला बदलीवर जात. तिथल्या पहिल्या सरकारी शाळेला पुढे नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव मिळाले आणि एन. जे. व्ही. स्कूल म्हणून ती आजही बंदर रोडवर उभी आहे. कराचीत अजूनही थोडी मराठी कुटुंबे गणपती बसवतात. कराचीचा पदवीधर मुंबई विद्यापीठाचा असे. म्हणून तर १९४८ मध्ये कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातले प्राध्यापक मुंबईत आले आणि त्यांनी जय हिंद कॉलेज काढले, तेव्हा विद्यापीठ त्यांना परके नव्हते.

पिंपरीला परत येतो. कॅम्प वसला तेव्हा इथे भात-ज्वारीची शेती आणि एक छोटे स्टेशन होते. मग १९५४ मध्ये रुळांपलीकडे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि इथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्यानंतर आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को, एमआयडीसी. हजारो कामगार पगाराच्या दिवशी रूळ ओलांडून कपडे, भांडी, पंखा, रेडिओ घ्यायला कॅम्पात येऊ लागले. सिंधी दुकानदाराचे गणित तेव्हापासून ठरलेले: नफा कमी, उलाढाल जास्त, उधारी हप्त्याने. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर त्या काळी दुकानदार गिऱ्हाइकावर उपकार करत असे (आता करत नाही, असे मी म्हणणार नाही). कॅम्पात गिऱ्हाईक दुकानासमोरून जाताना हाक ऐकू येई. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० मध्ये झाली आणि महापालिका १९८२ मध्ये. म्हणजे शहराला नाव आणि महापौर मिळाला त्याच्या कितीतरी आधी त्याची बाजारपेठ तयार होती. उद्योगनगरीच्या गौरवग्रंथांत कारखानदारांची छायाचित्रे पानभर असतात. कॅम्पाला एखादा परिच्छेद मिळतो, हे बरोबर नाही.

दुपारी नदीकडे गेलो. पवनेच्या काठी झुलेलाल घाट आहे. झुलेलाल हा सिंध्यांचा जलदेव. पांढरी दाढी, हातात पोथी, कमळात बसलेला आणि खाली वाहन म्हणून पल्ला मासा. चेटीचंड म्हणजे चैत्र शुद्ध द्वितीया, म्हणजे आपला गुढीपाडवा आटोपला की लगेच. त्या दिवशी बहराणा काढतात: ताटात कणकेचा दिवा, त्याभोवती खडीसाखर, वेलदोडे, सुका मेवा आणि फळे, आणि ते नाचत-गात नदीवर नेऊन प्रवाहात सोडायचे. सिंधूच्या काठावरचा देव पवनेच्या काठी आला. पात्र एवढेसे, उन्हाळ्यात जलपर्णीने झाकलेले. तक्रार न करता तो इथेही पाण्याकडे तोंड करून बसला आहे. कॅम्पातल्या एका टिकाण्यात, म्हणजे सिंधी देवळात, डोकावलो तर एकाच छताखाली गुरू ग्रंथसाहिब आणि झुलेलाल दोन्ही होते, आणि भिंतीवर साईबाबा. सिंधी हिंदूंत नानकपंथी मोठ्या संख्येने आहेत, शिवाय सूफी दर्ग्यांची ओढही जुनी. कोणत्या रकान्यात बसवायचे हा प्रश्न मोजणाऱ्याला पडतो. देवळात आलेल्या बाईला तो पडलेला दिसला नाही.

मोजणीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २०११ च्या जनगणनेत देशभरात सिंधी मातृभाषकांची संख्या २७ लाख ७२ हजार दिसते, आणि महाराष्ट्राचा वाटा सात लाखांच्या वर. सर्वाधिक गुजरातेत, त्याखालोखाल आपल्याकडे. पण या आकड्यात एक गोम आहे. जनगणना कच्छी भाषेला सिंधीच्या गटात धरते, आणि देशभरातल्या त्या २७ लाखांत सुमारे दहा लाख लोक कच्छी आहेत. म्हणजे मस्जिद बंदरचा धान्याचा कच्छी दलाल आणि उल्हासनगरचा जीन्सवाला एकाच ओळीत मोजले गेले. उलट बाजूने, कॅम्पातली तिसरी पिढी मातृभाषा म्हणून हिंदी सांगून मोकळी होते, ती या आकड्यातून गळते. सिंधीला आठव्या अनुसूचीत १९६७ मध्ये स्थान मिळाले, पण तिला स्वतःचे राज्य नाही, म्हणून दुकानाच्या पाट्या, बसचे फलक, न्यायालयाचे कागद यांत ती कुठेच दिसत नाही. शिवाय लिपी दोन, अरबी वळणाची आणि देवनागरी. काका अरबी लिपीत हिशेब लिहायचे. त्यांचा मुलगा ती वाचू शकत नाही.

राज्यातल्या वाटपात सर्वांत मोठा गठ्ठा अर्थातच उल्हासनगरचा. कल्याणजवळ युद्धकाळात सैनिकांसाठी मोठे तळ उभारले होते. तिथे सुमारे लाखभर निर्वासित आणून ठेवले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी गावाची कोनशिला बसवली. नाव शेजारच्या उल्हास नदीवरून. पण राहणाऱ्यांच्या तोंडी ते नाव अपुरे पडते. तिथला पत्ता आजही कॅम्प नंबर एक ते पाच असाच सांगतात. रिक्षावाल्याला "उल्हासनगर" म्हटले की तो विचारतो, "कितवा?" पाच नंबरला जीन्सचे शिवणकाम, दोन नंबरकडे फर्निचर आणि कापड, गोल मैदानावर संध्याकाळी खाण्याच्या गाड्या. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या पाच लाखांवर गेली होती आणि त्यात मराठी, उत्तर भारतीय अशी बरीच भर पडलेली. तिथे फिरताना पिंपरीचे मोठे भावंड भेटल्यासारखे वाटते, फक्त ते जास्त आवाजी आणि कमी झोपलेले.

कोल्हापूरच्या गांधीनगरची गोष्ट त्याहून विलक्षण. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ मध्ये पोलंडच्या निर्वासितांसाठी छावणी उभारली होती. सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेली ही माणसे इराणमार्गे भारतात आली. त्यांत बायका आणि मुले जास्त. सुमारे पाच हजार पोलिश लोक पंचगंगेच्या खोऱ्यात शाळा, चर्च, नाटके करत पाच वर्षे राहिले. १९४८ च्या सुमारास ते निघून गेले आणि रिकाम्या बराकींत सिंधी येऊन दाखल झाले. एका घर हरवलेल्या समाजाने सोडलेल्या खोल्यांत दुसरा घर हरवलेला समाज शिरला, आणि मधे फार महिने गेले नाहीत. आज गांधीनगर ही पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातल्या दुकानदारांची कापडाची घाऊक पेठ आहे. सांगली, बेळगाव, कोकणातले व्यापारी टेंपो घेऊन येतात. पोलिश लोकही विसरलेले नाहीत. वॉर्सात वळिवड्याच्या छावणीचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे फुले वाहिली. दुर्दैवाने गांधीनगरात साडीच्या गठ्ठ्यांवरून वाट काढणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता नसतो.

विदर्भ तेव्हा मुंबई प्रांतात नव्हता. जरीपटका आणि रामपुरी कॅम्प यांचा कारभार मध्य प्रांताकडे होता, पण घडण तशीच: बाहेरची जागा, रांगेतली घरे, मग बाजार. जमिनीच्या मालकीचा घोळही सगळीकडे सारखा. १९५४ च्या विस्थापितांच्या कायद्याखाली सिंधमध्ये सोडलेल्या मालमत्तेचे क्लेम दाखल झाले आणि त्या बदल्यात खोल्या, प्लॉट मिळाले, पण कागद अनेकांच्या हाती पूर्ण आले नाहीत. भाडेपट्टा, सनद, शर्तभंग हे शब्द सिंधी वस्तीतल्या माणसाला तोंडपाठ असतात. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या जमिनींसाठी विशेष अभय योजना मंजूर केली. सत्त्याहत्तर वर्षांनंतर घर स्वतःच्या नावावर करायला अभय मिळावे लागते, हा शब्दच काकांना गमतीचा वाटला. "गुन्हा कोणता केला तेवढं सांगा," ते म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

पुणे शहरात मात्र एक अपवाद दिसतो, आणि तो बराकीने घडवलेला नाही. स्टेशनकडून कॅम्पात, म्हणजे पुण्याच्या लष्कर भागात, जाताना साधू वासवानी चौक लागतो. थांवरदास लीलाराम वासवानी यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८७९ चा, सिंधमधल्या हैदराबादचा. कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य होते, मग ते सोडून १९३३ मध्ये तिथे मुलींच्या शिक्षणासाठी मीरा चळवळ सुरू केली. फाळणीनंतर १९४९ मध्ये, सत्तरीला टेकलेले असताना, ते पुण्यात आले आणि १९६६ मध्ये इथेच वारले. त्यांचे पुतणे जे. पी. वासवानी यांनी पुढे त्यांची संस्था, साधू वासवानी मिशन, चालवली. शंभरी पुरी व्हायला तीन आठवडे उरले असताना, जुलै २०१८ मध्ये ते गेले. मिशनच्या आवारात समाधी आहे आणि दर्शन नावाचे संग्रहालयही. सेंट मीराज कॉलेज १९६२ चे. साधू वासवानी आले म्हणून पुण्याच्या कॅम्प आणि कोरेगाव पार्क भागात सुस्थितीतली सिंधी कुटुंबे आली, परदेशात व्यापार असलेली, मुंबईतून हवा बदलायला निघालेली. साधू वासवानींचा जन्मदिवस शाकाहार दिवस म्हणून पाळतात. सिंधी माणसाचा आवडता पदार्थ विचाराल तर तो पल्ला मासा, ही गंमत तिथल्या एका सेवेकऱ्यानेच मला हसत सांगितली.

औंधच्या बाणेर रस्त्यालगत सिंध सोसायटी आहे. तिथे बंगले, झाडी, दारावर पहारेकरी. पिंपरीच्या अरुंद जिन्यांतून इथे आलेला माणूस चकित होतो. एकाच प्रांतातून एकाच सुमारास निघालेले लोक, पण कोणी पैसे आधीच मुंबईला किंवा हाँगकाँगला पाठवलेले, कोणी फक्त अंगावरच्या कपड्यांनिशी. सिंधी समाज म्हणून एका वाक्यात बोलणाऱ्यांनी पिंपरीतून औंधला एकदा बसने यावे. अंतर काही फार नाही.

आता पिंपरी कॅम्पातून लोक बाहेर पडत आहेत. काकांच्या मुलाने पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला. लिफ्ट आहे, गाडी लावायला जागा आहे. दुकान मात्र कॅम्पातच. रोज सकाळी तो नदी ओलांडून धंद्यावर येतो. जुन्या खोल्यांत कारखान्यातले भाडेकरू राहतात, बिहारचे, मराठवाड्याचे. पुढची जनगणना झाली की पिंपरी कॅम्पातले सिंधी कमी झालेले दिसतील आणि शगुन चौकातली सिंधी दुकाने तितकीच असतील.

तुम्हाला जायचे असेल तर रविवारी सकाळी जा. बाजार उशिरा उघडतो, पण दाल-पकवानच्या गाड्या लवकर लागतात. पकवान मैद्याचे, ताटलीएवढे, टोचे मारून तळलेले, इतके कडक की तोडताना आवाज होतो. त्यावर न घोटलेली, दाणा शाबूत असलेली हरभऱ्याची डाळ, वरून चिंचेची आणि पुदिन्याची चटणी, बारीक कांदा. कुणाच्या घरी जेवायचा योग आला तर सिंधी कढी खा, पण ताकाची अपेक्षा ठेवू नका. बेसन तेलात खरपूस भाजून चिंचेच्या पाण्यात उकळतात आणि त्यात भेंडी, गवार, शेवग्याच्या शेंगा असतात. भात पांढरा, बटाट्याच्या तळलेल्या फोडी शेजारी. कमळकाकडीची भाजी दिली तर नाही म्हणू नका. आणि होळीच्या आठवड्यात गेलात तर मिठाईवाल्याकडे घीयर मागा, ताटभर मोठी जिलबीच ती. एक दोघांत पुरते.